पगानी ऑटोमोबिली

पगानी ऑटोमोबिली ही अत्यल्प संख्येत व मोठ्या प्रमाणावर हातकामाने सुपरकार बनवणारी इटालियन कंपनी आहे. तिचा कारखाना उत्तर इटलीतील मोदेना शहरानजीक सान चेझारिओ सुल पानारो या गावी आहे. अर्जेंटिनात जन्मलेले डिझायनर ओरासिओ पगानी यांनी १९९२ मध्ये ती स्थापन केली. झोंडा (१९९९), वायरा (२०११) आणि उटोपिया (२०२२) ही कंपनीची तीन मूळ मॉडेल असून बाकीच्या बहुतेक गाड्या याच तिघांची रूपांतरे आहेत.

फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि माझेराती या विख्यात कंपन्यांचे कारखाने याच परिसरात आहेत. त्यांच्या तुलनेत पगानीचे वार्षिक उत्पादन नगण्य, म्हणजे साधारण ४० ते ५० गाड्या एवढेच असते. इंजिन कंपनी स्वतः बनवत नाही, ते जर्मनीच्या मर्सिडीज-एएमजीकडून येते. तरीही कोट्यवधी रुपये मोजून वर्षानुवर्षे वाट पाहणारे ग्राहक तिला लाभले. हातकामाला आणि दुर्मीळतेला औद्योगिक युगात किती मोल येऊ शकते, तसेच असा व्यवसाय कोणत्या अटींवर तग धरतो, याचे उदाहरण म्हणून पगानीचा इतिहास अभ्यासला जातो.

संस्थापक

ओरासिओ पगानी यांचा जन्म १० नोव्हेंबर १९५५ रोजी अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतातील कासिल्दा येथे एका बेकरी व्यावसायिकाच्या घरी झाला. घराण्याचे मूळ इटलीतले. लहानपणी ते बाल्सा लाकडातून छोट्या गाड्या कोरत असत. पौगंडावस्थेत लिओनार्दो दा विंची यांच्याविषयी वाचलेल्या एका लेखाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. कला आणि विज्ञान हातात हात घालून चालू शकतात, हा लिओनार्दोंकडून घेतलेला विचार त्यांनी पुढे कंपनीचे ब्रीद बनवला आणि तो आजही कंपनीच्या प्रत्येक प्रकाशनात आढळतो.

औद्योगिक डिझाइन व यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी गावातच कार्यशाळा काढली. तेथे बारमधील उंच स्टुलांपासून प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यांपर्यंत मिळेल ते काम केले जाई. विशीतच त्यांनी फॉर्म्युला २ शर्यतीसाठी एक गाडी तयार केली. याच सुमारास त्यांची ओळख पाच वेळा फॉर्म्युला वन विश्वविजेता ठरलेले अर्जेंटिनाचे चालक हुआन मानुएल फांजिओ यांच्याशी झाली. फांजिओ यांनी इटलीतील मोटार उद्योगातल्या परिचितांच्या नावे शिफारसपत्रे दिली. ती घेऊन पगानी १९८३ मध्ये पत्नीसह इटलीत आले.

लॅम्बोर्गिनीतील काळ

लॅम्बोर्गिनीत पगानी यांना अगदी खालच्या पायरीवरचे काम मिळाले, परंतु काही वर्षांतच ते कंपनीच्या संमिश्र पदार्थांच्या, म्हणजे कार्बन फायबरसारख्या तंतू व राळ यांच्या मिश्रणातून घडवलेल्या पदार्थांच्या विभागाचे काम पाहू लागले. १९८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने काउंटॅक इव्होलुत्सिओने ही प्रायोगिक गाडी तयार झाली. तिचा मुख्य सांगाडा धातूच्या नळ्यांऐवजी संमिश्र पदार्थांचा होता. त्यामुळे नेहमीच्या काउंटॅकपेक्षा ती सुमारे ५०० किलोने हलकी ठरली. ही गाडी पुढे धडक चाचणीत नष्ट करण्यात आली.

कार्बन फायबरचे भाग पक्के करण्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाची उच्च दाबाची भट्टी लागते. पगानी यांनी ती घेण्याचा आग्रह धरला. फेरारीकडे अशी भट्टी नाही, तर आपल्याला तिची गरज काय, असे सांगून व्यवस्थापनाने नकार दिल्याचे सांगितले जाते. तेव्हा पगानी यांनी कर्ज काढून स्वतःच भट्टी विकत घेतली आणि १९८८ मध्ये पगानी कंपोझिट रिसर्च ही संस्था सुरू केली. गंमत अशी की तिच्या पहिल्या ग्राहकांत लॅम्बोर्गिनीच होती. काउंटॅकच्या रौप्यमहोत्सवी आवृत्तीचे आणि दियाब्लोच्या काही भागांचे काम पगानी यांच्याकडे आले. १९९१ मध्ये त्यांनी मोदेना डिझाइन ही दुसरी संस्था काढली. इतर कंपन्यांसाठी कार्बनचे भाग बनवून मिळणाऱ्या या उत्पन्नावरच स्वतःच्या गाडीचे काम अनेक वर्षे चालू राहिले. पगानी ऑटोमोबिलीच्या यशाचा विचार करताना हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. पहिली गाडी विकण्याच्या दहा वर्षे आधीपासून संस्थापकाजवळ एक चालता धंदा आणि दुर्मीळ कौशल्य होते.

झोंडा

नव्या गाडीला फांजिओ यांचे नाव द्यावे, असे आधी ठरले होते. मर्सिडीजचेच इंजिन वापरावे, ही सूचना फांजिओ यांची. १९५०च्या दशकात त्यांनी मर्सिडीजच्या गाडीत विश्वविजेतेपद मिळवले होते आणि निवृत्तीनंतरही त्या कंपनीशी त्यांचे घनिष्ठ संबंध होते. त्यांच्या शब्दाखातर मर्सिडीजने १९९४ मध्ये व्ही१२ इंजिने पुरवण्याचे मान्य केले. तोवर एकही गाडी न विकलेल्या कारखान्याला जगातील एका आघाडीच्या उत्पादकाने इंजिन द्यावे, ही असाधारण गोष्ट होती. फांजिओ यांचे १९९५ मध्ये निधन झाले. त्यानंतर त्यांच्याविषयीच्या आदरापोटी गाडीचे नाव बदलून झोंडा ठेवण्यात आले. अँडीज पर्वतावरून अर्जेंटिनात उतरणाऱ्या उष्ण, कोरड्या वाऱ्याला झोंडा म्हणतात.

झोंडा सी१२ मार्च १९९९ मध्ये जिनिव्हा मोटार प्रदर्शनात प्रथम दिसली. तिच्यात ६ लिटरचे इंजिन होते आणि तिचे वजन सुमारे १,२५० किलो होते. या मूळ स्वरूपात केवळ पाच गाड्या बनल्या. लवकरच ७ लिटर आणि त्यानंतर ७.३ लिटरची इंजिने आली. मागील बाजूस मध्यभागी चौकोनात बसवलेल्या चार धूरनळ्या ही तेव्हापासून कंपनीची ओळख बनली. २००५च्या झोंडा एफ या आवृत्तीतील एफ हे अक्षर फांजिओ यांच्या स्मरणार्थ आहे. शर्यतीच्या मार्गापुरत्या मर्यादित असलेल्या झोंडा आर या गाडीने २०१० मध्ये जर्मनीच्या नुरबुर्गरिंगवर ६ मिनिटे ४७.५० सेकंदांची फेरी नोंदवली.

वायरा आणि उटोपिया

झोंडाची जागा घेणारी वायरा २०११ मध्ये सादर झाली. अँडीजमधील लोकसमजुतीतला वाऱ्याचा देव वायरा-टाटा याच्यावरून हे नाव पडले. तिच्यासाठी एएमजीने ५,९८० घनसेंटिमीटरचे दोन टर्बोचार्जर असलेले व्ही१२ इंजिन खास विकसित केले. त्याची शक्ती ७३० मेट्रिक अश्वशक्ती आणि टॉर्क १,००० न्यूटन-मीटर होता. गाडीच्या चार कोपऱ्यांवर हलणारे झडपांसारखे पडदे आहेत. वेग, वळण आणि ब्रेक यांनुसार ते स्वतंत्रपणे वर-खाली होऊन हवेचा दाब बदलतात. मोठा स्थिर पंख न लावता गाडी रस्त्याला चिकटून राहावी, हा त्यांचा उद्देश. बंद छताच्या मूळ वायराची संख्या १०० ठरवण्यात आली होती. उघड्या छताची आवृत्ती २०१७ मध्ये आली आणि तिचीही संख्या १०० होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये मिलान येथे सादर झालेली उटोपिया ही एका अर्थाने काळाच्या उलट दिशेने गेलेली गाडी आहे. संकरित म्हणजे विद्युत-पेट्रोल प्रणाली, दुहेरी क्लच, अवजड बॅटरी यांपैकी काहीच तिच्यात नाही. ८६४ मेट्रिक अश्वशक्तीच्या व्ही१२ इंजिनाला हाताने टाकण्याचा सात गतींचा गिअरबॉक्स जोडता येतो. द्रवपदार्थांविना तिचे वजन १,२८० किलो आहे. डॅशबोर्डवर काट्यांची गोल तबके असून गिअर बदलणारी यंत्रणा उघडी ठेवली आहे. स्टीअरिंगचे चाक अॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेले असते. बंद छताच्या ९९ गाड्या, करांशिवाय प्रत्येकी सुमारे २१.७ लाख युरो किमतीच्या, अनावरणापूर्वीच विकल्या गेल्या.

निर्मितीची पद्धत

पगानीच्या संदर्भात हस्तनिर्मित हा शब्द काळजीपूर्वक समजून घ्यावा लागतो. गाडीचे शेकडो धातूचे भाग संगणक-नियंत्रित यंत्रांवरच कापले जातात. गिअरबॉक्स इंग्लंडच्या एक्सट्रॅककडून, ब्रेक ब्रेम्बोकडून आणि टायर पिरेलीकडून येतात. इंजिनांची जुळणी जर्मनीत एएमजीचे कारागीर करतात. हाताचे काम प्रामुख्याने तीन ठिकाणी आहे. ती म्हणजे कार्बन फायबरचे थर रचणे, चामड्याची शिलाई आणि अंतिम जुळणी.

यांतील पहिले काम सर्वांत अवघड. राळ मुरवलेले कार्बनचे कापड शीतगृहात साठवतात, कारण खोलीच्या तापमानाला राळ हळूहळू घट्ट होऊ लागते. कापडाचे तुकडे कापून कारागीर ते साच्यात हाताने बसवतात. कोणत्या थराचे तंतू कोणत्या दिशेला असावेत, यावर त्या भागाची ताकद अवलंबून असते. वक्राकार जागी कापडाला सुरकुती पडू न देता ते दाबून बसवणे हे सरावाने येणारे कौशल्य आहे. नंतर साच्याभोवती पिशवी लावून हवा काढून घेतात आणि तो ऑटोक्लेव्हमध्ये उष्णता व दाबाखाली ठेवतात.

रंगवलेल्या गाडीत पृष्ठभागावरचा लहानसा दोष रंगाखाली झाकता येतो. पगानीच्या अनेक गाड्यांवर मात्र रंगाऐवजी पारदर्शक लेप असतो आणि कार्बनची वीण उघडी दिसते. गाडीच्या मध्यरेषेवर डावीकडची व उजवीकडची वीण बाणाच्या टोकासारखी एकमेकींना मिळावी लागते. तीच रेषा बॉनेटवरून छतापर्यंत आणि तिथून मागच्या झाकणापर्यंत सरळ जावी लागते, जरी हे सर्व भाग वेगवेगळ्या साच्यांत बनलेले असले तरी. एखाद्या भागाची वीण किंचित सरकली, तर तो ताकदीने निर्दोष असूनही त्या गाडीला लावता येत नाही. ग्राहक ज्याला सौंदर्य म्हणतो त्याच्या किमतीचा मोठा वाटा या नाकारल्या जाणाऱ्या भागांत आणि त्यांवर गेलेल्या तासांत असतो.

कार्बन फायबर ताठ आणि हलके असले तरी जोराच्या आघाताने त्याचे तुकडे होतात. यावर उपाय म्हणून कंपनीने कार्बनच्या तंतूंसोबत टायटॅनियमचे तंतू विणलेला कार्बो-टायटॅनियम हा पदार्थ विकसित केला. झोंडा चिंक्वे या आवृत्तीच्या सांगाड्यात तो वापरला गेला. टायटॅनियमचे बोल्टदेखील कंपनी स्वतःच्या मापाने बनवून घेते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पगानीचे नाव कोरलेले असते. जे बोल्ट जुळणीनंतर कधीच दिसणार नाहीत, त्यांवरही ते असते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या कोरीव नावाचा काही उपयोग नाही. ग्राहकांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत मात्र त्याला मानाचे स्थान आहे.

व्यवसायाचे स्वरूप

मोठ्या उत्पादकाला नव्या मॉडेलच्या विकासाचा खर्च लाखो गाड्यांवर वाटता येतो. पगानीला तोच खर्च शंभर गाड्यांवर वाटावा लागतो. म्हणूनच अशा कंपन्यांत किंमत ही केवळ चैनीची खूण नसून हिशेबाची अपरिहार्यता असते. गाडी बनण्यापूर्वी ग्राहकाकडून टप्प्याटप्प्याने घेतलेली रक्कम खेळत्या भांडवलाचे काम करते. ग्राहक कारखान्यात येऊन चामडे, दोऱ्याचा रंग आणि विणीचा प्रकार निवडतो. अशा प्रत्येक निवडीतून किंमत वाढत जाते.

दुसरा मार्ग मर्यादित आवृत्त्यांचा. झोंडा चिंक्वेच्या बंद व उघड्या छताच्या प्रत्येकी पाच, वायरा बीसीच्या २०, तर वायरा त्रिकोलोरेच्या तीनच गाड्या काढण्यात आल्या. बीसी ही आद्याक्षरे कंपनीचे सुरुवातीचे ग्राहक बेनी कायोला यांची आहेत. एका ग्राहकासाठी एकच गाडी किंवा अगदी मोजक्या गाड्या घडवणारा ग्रांदी कोम्प्लिकात्सिओनी हा स्वतंत्र विभाग असून त्याचे नाव घड्याळनिर्मितीच्या परिभाषेतून घेतले आहे. वायरा कोदालुंगा या पाच गाड्या त्यानेच तयार केल्या.

या पद्धतीतील अडचण झोंडाच्या बाबतीत उघड झाली. वायरा आल्यावर झोंडाचे उत्पादन थांबेल, असे अपेक्षित होते. प्रत्यक्षात ग्राहकांच्या आग्रहावरून एकेकट्या झोंडा बनत राहिल्या. जुन्या गाड्या कारखान्यात परत येऊन नव्या रूपात बाहेर पडल्या आणि २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या झोंडानंतर १८ वर्षांनी, एचपी बार्केटा ही तीन गाड्यांची आवृत्ती आली. मर्यादित संख्या हे विक्रेत्याने खरेदीदाराला दिलेले वचन असते. शेवटची म्हणून विकलेल्या गाडीनंतर आणखी एक शेवटची आली, की आधीच्या खरेदीदाराच्या हातातील वचन हलके होते. संग्राहकांच्या वर्तुळात यावर टीका झाली. मात्र बाजारात झोंडाच्या किमती घसरल्या नाहीत, उलट मूळ विक्रीकिमतीच्या कित्येक पट वाढल्या. या वाढीचा थेट फायदा कंपनीला नव्हे, तर गाडी पुन्हा विकणाऱ्या मालकाला होतो. कंपनीला तो नव्या मॉडेलची किंमत वाढवून अप्रत्यक्षपणे वसूल करावा लागतो.

२०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने कंपनीचा ३० टक्के हिस्सा घेतला. बहुसंख्य मालकी पगानी कुटुंबाकडे राहिली.

मोदेना परिसरातील समांतर उदाहरणे

मोदेना परिसरात असे प्रयत्न अनेकांनी केले आणि त्यांतील बहुतेक फसले. मोदेनाजवळच्या काम्पोगालियानो येथे १९९०च्या सुमारास पुनरुज्जीवित झालेल्या बुगाट्टीने भव्य कारखाना उभारला, चार टर्बोचार्जरचे स्वतःचे व्ही१२ इंजिन विकसित केले आणि ईबी११० ही तांत्रिकदृष्ट्या वरच्या दर्जाची गाडी आणली. १९९५ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. सोळा सिलिंडरची चिझेता व्ही१६टी ही मोदेनाचीच गाडी मोजक्या संख्येपलीकडे जाऊ शकली नाही.

पगानी यांच्याशी सर्वाधिक साम्य असलेले उदाहरण आलेहान्द्रो दे तोमासो यांचे आहे. तेही अर्जेंटिनाहून आलेले. १९५९ मध्ये त्यांनी मोदेनात कंपनी काढली आणि १९७१च्या पांतेरा गाडीसाठी अमेरिकेच्या फोर्डचे व्ही८ इंजिन घेतले. अमेरिकेतील विक्रीही फोर्डच्याच जाळ्यातून होत असे. फोर्डने १९७०च्या दशकाच्या मध्यास ही आयात थांबवली, तेव्हा पांतेराची मुख्य बाजारपेठ एका निर्णयासरशी नाहीशी झाली. गाडी पुढे बनत राहिली, पण अगदी अल्प संख्येत. पगानीने विक्री स्वतःकडे ठेवली आणि केवळ इंजिनापुरते परावलंबन पत्करले.

इंजिन आणि नियमांचे प्रश्न

तयार इंजिन घेतल्यामुळे पगानीचा प्रचंड विकासखर्च वाचला आणि गाडीला विश्वासार्हता लाभली. याच कारणामुळे कंपनीचे भवितव्य तिच्या हाताबाहेरही गेले. मर्सिडीजने २०१९ मध्ये स्वतःच्या एएमजी सेदानमधील व्ही१२ इंजिनाची अखेरची आवृत्ती काढली. अशा इंजिनांची मागणी आटत असताना वर्षाला काही डझन नगांसाठी ते उत्सर्जनाच्या नव्या मानकांत बसवत राहणे, हे पुरवठादाराच्या इच्छेवर अवलंबून राहते. २०२१च्या वायरा आर या शर्यतीच्या मार्गावरील गाडीसाठी कंपनीने टर्बोचार्जर नसलेले वेगळे व्ही१२ इंजिन जर्मनीच्या एचडब्ल्यूए या संस्थेकडून बनवून घेतले. ३० गाड्यांपुरते असले तरी एएमजीबाहेर पाहण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

विद्युत गाडीचाही कंपनीने अनेक वर्षे अभ्यास केला. तथापि अशा गाडीत आपल्या ग्राहकांना रस आढळला नाही, असे ओरासिओ पगानी यांनी २०२२ मध्ये जाहीर मुलाखतींत सांगितले. बॅटरीचे वजन हा त्यांचा दुसरा आक्षेप आहे. ज्या कंपनीची सारी कारागिरी वजन घटवण्यात खर्ची पडते, तिच्या दृष्टीने तो गौण नाही.

युरोपीय संघाच्या नियमांत वर्षाला १,००० पेक्षा कमी गाड्यांची नोंद होणाऱ्या उत्पादकांना कार्बन डायऑक्साइडच्या लक्ष्यांतून सूट आहे आणि पगानी त्या मर्यादेच्या बरीच खाली आहे. मात्र सर्वच नियम लहानांना सवलत देत नाहीत. वायरा अमेरिकेत विकण्यासाठी कंपनीने मुलांच्या सुरक्षेसाठी सक्तीच्या असलेल्या प्रगत एअरबॅगमधून सूट मागितली होती. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ती २०११ मध्ये नाकारली. दोन आसनांच्या या गाडीतून कोणी मूल नेईल काय, असा प्रश्न विचारला गेला, पण नियम बदलला नाही. अखेर त्यानुसार एअरबॅग प्रणाली बसवूनच वायरा अमेरिकेच्या बाजारात गेली.

लोकप्रियता

जगातील अतिशय थोड्या लोकांनी पगानीची गाडी प्रत्यक्ष पाहिली असेल. तिची ख्याती प्रामुख्याने ग्रँड टुरिस्मो व नीड फॉर स्पीड या व्हिडिओ खेळांतून आणि दूरचित्रवाणीवरील मोटार कार्यक्रमांतून पसरली. ट्रान्सफॉर्मर्स चित्रपटमालिकेच्या २०१४ मधील भागात वायरा एका खल यंत्रमानवाच्या रूपात दिसते. सान चेझारिओ येथील कारखान्याला जोडून ओरासिओ पगानी संग्रहालय आहे. संस्थापकांनी लहानपणी कोरलेल्या लाकडी गाड्या आणि तरुणपणी बनवलेली शर्यतीची गाडी तेथे झोंडा व वायरा यांच्या शेजारी मांडलेली आहे.